फोटो काढला कोणी, आहे कोणाकडे, पाहिला कुठे

प्रश्न थोडक्यात असा: फोटोग्राफीच्या पदविकेसाठी गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातली खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) आणि मानशी (बांधातली, पाण्याची ये-जा राखणारी दारं) हा विषय घेतला आहे. जवळ दोन पुस्तकं, वर्तमानपत्रांची कात्रणं, शेजारच्या घरातल्या अल्बममधले चार जुने फोटो, इन्स्टाग्राम-पिंटरेस्टवरून जमवलेले तीसेक स्क्रीनशॉट आणि बांधावर आयुष्य घालवलेल्या दोन वयस्क शेतकऱ्यांच्या मुलाखती एवढं साहित्य आहे. प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर बारा लिंकांची यादी दिली, तर 'हे संदर्भ नव्हेत' असा शेरा मारून मार्गदर्शकांनी वही परत केली. मग संदर्भ लिहायचे तरी कसे?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. बारा लिंका एवढंच सांगतात की तुम्ही इंटरनेटवर फिरलात. कुठून काय उचललं आणि ते तुमच्या कुठल्या फोटोत उतरलं, हे त्यातून कळत नाही. निबंधात उसनं वाक्य अवतरणचिन्हात टाकता येतं. फोटोत उसना घेतलेला कॅमेऱ्याचा कोन, उजेडाची वेळ, चौकटीतली मोकळी जागा यांना अवतरणचिन्ह लावता येत नाही. म्हणून फोटोग्राफीच्या प्रकल्पात ते शब्दांत लिहावं लागतं, आणि तेही त्या फोटोशेजारी. शेवटच्या पानावरची यादी ही त्याची पुरवणी.

आधी एक सवय लावून घ्या. कुठलाही उसना फोटो हाती आला की तीन वेगळे प्रश्न विचारायचे: काढला कोणी, आज आहे कोणाकडे, आणि मी पाहिला कुठे. बहुतेक चुका या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. जगभर माहीत असलेलं उदाहरण घेऊ. 'मायग्रंट मदर' या नावाने प्रसिद्ध असलेला फोटो अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळ काढला. मूळ निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तुम्ही मात्र तो एखाद्या पिंटरेस्ट फलकावर पाहिलेला असतो. नोंद अशी व्हायला हवी:

डोरोथिया लँग, 'डेस्टिट्यूट पी पिकर्स इन कॅलिफोर्निया. मदर ऑफ सेव्हन चिल्ड्रन. एज थर्टी-टू', निपोमो, कॅलिफोर्निया, १९३६. लायब्ररी ऑफ काँग्रेस, वॉशिंग्टन, क्र. एलसी-यूएसएफ३४-९०५८-सी. संस्थेच्या संकेतस्थळावर पाहिला, (तारीख).

वहीत लिहिताना क्रमांक, शीर्षक आणि लिंक मूळ लिपीतच लिहा. इथे वाचनासाठी देवनागरीत दिलं आहे. देवनागरीत लिहिलेला क्रमांक कुठल्याही शोधयादीत सापडत नाही.

शीर्षक वेगळं निघालं, हे बघा. 'मायग्रंट मदर' हे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव, संग्रहातलं नाव दुसरं. शिवाय या फोटोच्या दोन आवृत्त्या फिरतात. मूळ निगेटिव्हमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा दिसत होता, तो नंतर रीटच करून पुसला गेला. चौकटीतल्या हातांविषयी तुम्ही वहीत चार ओळी लिहिणार असाल, तर कुठली आवृत्ती पाहिली यावर त्या ओळी खऱ्या की खोट्या ते ठरतं. 'पाहिला कुठे' हा म्हणूनच तिघांतला सगळ्यात कामाचा प्रश्न. मुलं नेमका तोच गाळतात.

दुसरी गोष्ट. हा फोटो अमेरिकेच्या सरकारी कामातला, त्यामुळे तिथे त्यावर कॉपीराइट नाही. तरी लँग यांचं नाव द्यायचंच. परवानगी ही कायद्याची बाब, श्रेय ही अभ्यासाची. एकाची गरज नाही म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. उलटही खरं: नाव छापलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

आता नोंदवही. स्प्रेडशीट उघडा, किंवा साधी आखीव वही घ्या. प्रत्येक स्रोताला क्रमांक द्या: स-०१, स-०२. रकाने असे: कर्ता, शीर्षक, वर्ष, कोणाकडे आहे आणि त्यांचा क्रमांक, कुठे पाहिलं, पाहिल्याची तारीख, हक्क किंवा परवानगी, मी काय घेतलं, माझी फ्रेम. पहिले सात रकाने कारकुनी आहेत, दोन-तीन मिनिटांत भरतात. शेवटचे दोन भरताना डोकं चालवावं लागतं, आणि परीक्षकाची नजर तिथेच जाते.

'काय घेतलं' या रकान्यात 'प्रेरणा घेतली' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. असं लिहा: 'स-०४ मध्ये कॅमेरा मानशीच्या उंबऱ्याच्या पातळीवर आहे, त्यामुळे दारातून सुटणारं पाणी चौकटीचा खालचा तिसरा भाग व्यापतं. मी उंची तीच ठेवली, पण लेन्स ३५ मिलिमीटरची घेतली आणि बाजूचा बांध आत आणला. फ्रेम ०२३१ ते ०२३८.' एवढ्यात काय उसनं आणि काय तुमचं हे वाचणाऱ्याला दिसतं. पटलं नाही तेही नोंदवा: 'स-०६ सारखं ड्रोनवरून घेतलं तर बांधाची नक्षी दिसते, पण माणूस नाहीसा होतो, म्हणून सोडलं.' नाकारलेला स्रोत हाही स्रोतच.

ही नोंद स्रोत हातात असतानाच करायची. 'रात्री घरी जाऊन भरतो' म्हटलं की पुस्तक परत गेलेलं असतं, टॅब बंद झालेला असतो, आणि मग आठवणीतून वर्ष लिहिलं जातं.

ग्रंथालय आणि पुराभिलेखात काम करताना कॅमेरा हाच तुमचा कारकून, पण त्याला क्रम पाळायला लावा. पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासूनचं आहे आणि तिथला पोर्तुगीज काळातला संग्रह मोठा आहे. आल्त पर्वरीचं झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चही याच कामाचं. कुठेही गेलात तरी फोटो काढण्याची परवानगी आधी विचारा, आणि मिळाल्यावर प्रत्येक पुस्तकाच्या निदान चार फ्रेम घ्या. पहिली कण्यावरच्या किंवा पेटीवरच्या क्रमांकाची. दुसरी शीर्षकपानाची आणि त्याच्या पाठीची, कारण मुद्रकाचं नाव आणि वर्ष बहुधा पाठीवर असतं. तिसरी पूर्ण पानाची, पानक्रमांक चौकटीत येईल अशी. चौथी तुम्हाला हव्या त्या चित्राची जवळून. बहुतेक जण फक्त चौथी घेतात, आणि तीन महिन्यांनी ते चित्र कुठल्या पुस्तकातलं होतं हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही.

फ्लॅश बंद ठेवा. खिडकीचा बाजूने येणारा उजेड चालतो, पण चकचकीत कागदावर तो परावर्तित होतो, म्हणून पुस्तक थोडं फिरवून बघा. कॅमेरा पानाला समांतर, ॲपर्चर एफ/८ च्या आसपास, शटर सेकंदाच्या एक साठांश भागापेक्षा हळू नको. फोन असेल तर रुंद लेन्सऐवजी दुपटीची लेन्स वापरा, नाहीतर पानाच्या कडा फुगतात. पुस्तक सपाट उघडत नसेल तर दाबू नका. शिवण फुटली तर पुढच्या विद्यार्थ्याला परवानगी मिळणार नाही.

जुनी पोर्तुगीज पुस्तकं वाचता येत नसली तरी त्यांची नोंद नीट घेता येते, फक्त काही खुणा माहीत हव्यात. शीर्षकाखाली वर्ष नसेल तर सूचीत 'एस. डी.' अशी अक्षरं दिसतात. ती लेखकाची आद्याक्षरं समजून कर्त्याच्या रकान्यात टाकली जातात. त्यांचा अर्थ 'सेम दाता', म्हणजे तारीख नाही. 'इंप्रेंसा नासियोनाल' हा लेखक नव्हे, सरकारी छापखाना. चित्रं पुष्कळदा वेगळ्या जाड कागदावर छापून मध्ये शिवलेली असतात आणि त्यांना पानक्रमांक नसतो. तेव्हा 'पान ६४ आणि ६५ च्या मधलं चित्र' असं लिहावं, अंदाजाने ६५ लिहू नये.

शोधताना नावांच्या रूपांचं भान ठेवा. आपण डिचोली म्हणतो, कागदोपत्री बिचोलिम असतं. पेडण्याचं पेर्नेम, केप्याचं केपेम, काणकोणचं कानाकोना, साष्टीचं साल्सेत, आणि तिसवाडीच्या जागी अनेकदा नुसतं 'इल्यास', म्हणजे बेटं. पणजीला १८४३ पासून अधिकृत नाव नोव्हा गोवा होतं, त्यामुळे 'पणजी' टाकून शोधलं तर निम्मं सापडणारच नाही. पोर्तुगीज शुद्धलेखन १९११ साली बदललं. त्याआधी 'फोतोग्राफिया' हा शब्दही 'पीएच' घालून लिहीत, नंतर 'एफ' आला. शोधपेटीत दोन्ही रूपं टाका. आणि नोंद करताना छापलं असेल तसंच ठेवा, आजच्या रूपात सुधारू नका. तुमच्या सुधारणेमुळे पुढच्याला पुस्तक सापडत नाही.

कात्रणांचं दुखणं एकच: कात्री तारखेच्या वरून गेलेली असते. मराठी वर्तमानपत्रांत फोटोच्या ओळीशेवटी 'छाया:' म्हणून नाव असतं, तेही पुष्कळदा कापलं जातं. वर्तमानपत्र, आवृत्ती, तारीख, पान आणि छायाचित्रकार हे सगळं मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. आवृत्ती महत्त्वाची, कारण गोवा आवृत्तीतली बातमी त्याच पत्राच्या दुसऱ्या आवृत्तीत असेलच असं नाही. ई-पेपरच्या लिंका काही दिवसांनी मरतात, त्यांच्यावर विसंबू नका.

शेजाऱ्यांच्या अल्बमकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण ते चार फोटो इतर कोणाकडे नाहीत. अल्बमचा मालक म्हणजे फोटो काढणारा नव्हे, हे उघड आहे, तरी वहीत हमखास 'सौजन्य: अमुक कुटुंब' एवढंच येतं. फोटोची पाठ बघा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीची ओळ, कागदाच्या कंपनीचं नाव, काहीही असलं तरी पुढची आणि मागची बाजू दोन्ही स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला ६०० डीपीआय पुरेसं, पासपोर्टएवढ्या बारक्या फोटोला १२००. फाइल टिफमध्ये ठेवा, वहीसाठी वेगळी जेपेग काढा. फोटो कोपऱ्यांच्या खिशांतून सहज सुटत नसेल किंवा डिंकाने चिकटवला असेल तर ओढू नका, पानासकट कॅमेऱ्याने टिपा. कडा, डाग, नक्षीदार कातर हे सगळं स्कॅनमध्ये राहू द्या. छाटणी हा तुमचा निर्णय, आणि स्रोताच्या प्रतीवर तो लादायचा नसतो.

तारीख माहीत नसेल तर अंदाज लिहा, पण कारणासह. 'अंदाजे १९६१ पूर्वी. पाठीवरच्या शिक्क्यात नोव्हा गोवा असा पत्ता' ही चांगली नोंद. 'खूप जुना' ही नोंदच नव्हे. 'आजोबांच्या सांगण्यानुसार' हेही कारण म्हणून चालतं, फक्त तसं लिहा. श्रेय कसं हवं ते घरच्यांना विचारा. काहींना नाव नको असतं, तर 'खाजगी संग्रह, दिवाडी' पुरे. आणि त्यांना स्कॅनची एक प्रत द्या. माणुसकी म्हणूनही, आणि पुढच्या वेळी दार उघडावं म्हणूनही.

कायद्यातलं गरजेपुरतं सांगतो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटोसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षं अशी वेगळी मुदत होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती काढली, आणि आता फोटोलाही कर्त्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं लागू होतं. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा. हे कलम १७ मध्ये आहे. लग्नाचे आणि स्टुडिओतले कौटुंबिक फोटो बहुधा त्यात बसतात. पण १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीज कायदा होता, तेव्हा त्या काळच्या फोटोचा हिशेब एका कलमावरून लावू नका. घरच्यांची लेखी परवानगी घ्या आणि काम पुढे न्या. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला कलम ५२ मध्ये सूट आहे. ही सूट वर्गापुरती आणि वहीपुरती समजा. तीच पानं प्रदर्शनात लावलीत, इन्स्टाग्रामवर टाकलीत किंवा पुस्तिका छापून विकलीत, तर ढाल हातातून गेली. आणि आपलं नाव लावून घेण्याचा कर्त्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा आहे. त्याने कॉपीराइट विकला तरी तो हक्क उरतो.

रस्त्यावरच्या कलाकृतींबाबत मोठा गैरसमज आहे. इमारतीचा फोटो काढायला, किंवा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा, कायदा मुभा देतो. भिंतीवरचं चित्र मात्र शिल्प नव्हे. मारियो मिरांडा यांची चित्रं पणजीच्या बाजारातही दिसतात, म्हणून ती मोकळी झाली असं नाही. ते २०११ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या कामावरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत चालेल. सांतेस्तेव्हचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका १९६७ मध्ये गेले, त्यांची मुदत २०२७ च्या अखेरीला संपते. हिशेब सोपा: मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. तुमच्या चौकटीत असं चित्र मागे ओझरतं आलं तर चित्रकाराचं नाव ओळीत द्या. चित्रच चौकटीचा विषय असेल आणि फोटो वर्गाबाहेर जाणार असेल, तर परवानगीचं बघा.

मुलाखती. इथे स्रोत म्हणजे जिवंत माणूस, म्हणून दोन गोष्टी जास्त कराव्या लागतात. रेकॉर्डर सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात तारीख, ठिकाण, तुमचं नाव, कशासाठी विचारताय, आवाज आणि फोटो कुठे वापरणार हे बोला आणि त्यांचा होकार रेकॉर्ड होऊ द्या. सहीचा कागद असेल तर उत्तम, पण न वाचता केलेल्या सहीपेक्षा समजून दिलेला तोंडी होकार बरा. चेहरा ओळखू येणार असेल तर त्याचं वेगळं विचारा. बोलायला तयार असलेले काही जण फोटोला नाही म्हणतात.

बोलणं बहुधा कोकणीत होतं आणि वही मराठीत असते. थेट मराठी करून अवतरणचिन्हात टाकलंत तर ते शब्द त्या माणसाचे उरत नाहीत. महत्त्वाचं वाक्य कोकणीतच लिहा, खाली मराठी द्या आणि 'भाषांतर माझं' असं नोंदवा. मानस, पोंय (मानशीजवळ पाणी साठणारा खोलगट भाग), कोरगुट (खारं पाणी सोसणारं भात), बांध हे शब्द तसेच राहू द्या. मानशीला 'झडपेचा दरवाजा' केलंत की माहितीही गेली आणि चवही. नोंद अशी: 'शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे, चोडण, मुलाखत कोकणीत, (तारीख), ध्वनिफीत २, मिनिट १४:२०.' मिनिट लिहिलंत तर मार्गदर्शकांना ४० मिनिटं ऐकावी लागत नाहीत, आणि तुम्हालाही सहा महिन्यांनी ते वाक्य सापडतं.

सांगितलेलं पडताळूनही पाहा. भरतीचं पाणी मानशीचं दार लोटून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं, हे ऐकल्यावर तुम्ही एका ठरावीक वेळी फोटो काढायला गेलात. ती वेळ कुठून मिळाली? भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, त्यात मुरगाव बंदर आहे. कोष्टक पाहिलं असेल तर तोही स्रोत, नोंदवा. आणि मुरगावची वेळ खाडीत आत असलेल्या मानशीला तंतोतंत लागू होत नाही, पाणी आत पोचायला वेळ लागतो. तुमच्या फोटोंवरच्या वेळा आणि कोष्टकातल्या वेळा यांतला फरक वहीत मांडलात, तर ते पान संशोधनाचं झालं. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र त्या सकाळी जुळवलेलं हवं. तेच वीस मिनिटं मागे असेल तर सगळा हिशेब वाया.

आता ते तीस स्क्रीनशॉट. पिंटरेस्ट हा स्रोत नाही, गूगल हाही नाही. दोन्ही रस्ते आहेत. प्रत्येक स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये आणि टिनआयमध्ये टाका. चित्रावरून चित्र शोधणारी ही साधनं आहेत. टिनआयमध्ये निकाल जुन्यापासून लावता येतात, आणि सगळ्यात जुनी प्रत पुष्कळदा मूळ कर्त्याजवळ नेते. खाते चालवणारा म्हणजे फोटो काढणारा असं धरू नका. गोव्याचे फोटो गोळा करून टाकणारी पानं पुष्कळ आहेत, त्यांच्या ओळीत कर्त्याचं नाव असतं किंवा नसतंही. खरा कर्ता सापडला तर त्याच्या पानावरची पूर्ण पडद्याची प्रत घ्या, त्यात खात्याचं नाव आणि तारीख दिसायला हवी. साध्या संकेतस्थळाचं पान असेल तर ते वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात) जतन करून ती लिंकही लिहा. इन्स्टाग्राम तिथे धड जतन होत नाही. कर्ता सापडलाच नाही तर तो फोटो सोडा. फारच गरजेचा असेल तर 'कर्ता अज्ञात. अमुक तारखेला दोन ठिकाणी शोध घेतला' असं लिहा. नुसतं 'इंटरनेटवरून साभार' हे वाक्य वहीत दिसताच कामा नये. आभार कोणाचे मानले?

विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो सोयीचे, कारण परवाना तिथेच लिहिलेला असतो. पण 'क्रिएटिव्ह कॉमन्स' एवढंच लिहून भागत नाही. शीर्षक, कर्ता, स्रोताची लिंक आणि परवान्याचं पूर्ण नाव आवृत्तीसह, उदाहरणार्थ 'सीसी बाय-एसए ४.०', हे चारही हवेत. छाटला किंवा कृष्णधवल केला असेल तर तसं सांगणंही परवान्याची अट आहे. परवान्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल नको) असेल तर बदललेली प्रत प्रसिद्ध करता येत नाही. मग छाटणीही करू नका.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला 'खाजन शेतीवरचे संदर्भ दे' म्हटलं तर ते अस्तित्वात नसलेली पुस्तकं छान मांडून देतं. जे पान डोळ्यांनी पाहिलं नाही ते यादीत नको, एवढा नियम पुरतो. साधनाने चित्र बनवून घेतलं असेल तर साधनाचं नाव, तारीख आणि दिलेली सूचना लिहा, आणि ते चित्र पुराव्याच्या जागी ठेवू नका.

फाइलींच्या आत काय जातं तेही बघा. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना स्वतःच्या कॉपीराइटचा प्रीसेट (आधीच भरून ठेवलेली माहिती) लावून ठेवण्याची सवय चांगली, पण त्याच कार्डावर ग्रंथालयातल्या पानांचे आणि अल्बमचे फोटो असतात. मग एका क्लिकने शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोवर तुमचं नाव चढतं, आणि ती फाइल पुढे फिरत राहते. उसन्या साहित्याच्या प्रतींसाठी वेगळं फोल्डर, वेगळा प्रीसेट. फाइलीच्या आत माहिती भरायचे आयपीटीसी नावाचे ठरलेले रकाने असतात. त्यांतल्या 'क्रिएटर' मध्ये मूळ छायाचित्रकार, 'सोर्स' मध्ये संग्रह, 'क्रेडिट लाइन' मध्ये छापायची ओळ, 'डिस्क्रिप्शन' मध्ये तुमचा स-क्रमांक. निर्यात करताना 'कॉपीराइट ओन्ली' निवडलंत तर वर्णन गळून पडतं, म्हणून 'ऑल मेटाडेटा' ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती जाते आणि दर्जाही उतरतो. मार्गदर्शकांना द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वहीच्या मांडणीत एक चूक फार महागात पडते: उसना फोटो आणि स्वतःचा फोटो एकाच आकारात शेजारी, ओळ कशालाच नाही. परीक्षकाने अंदाज बांधायचा का? उसना फोटो लहान छापा, पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा पुरे. ओळ त्याच्या लगेच खाली, आठ पॉइंटपेक्षा बारीक नको, आणि सुरुवातीला स-क्रमांक. तुमच्या फोटोखालीही ओळ द्या: फ्रेम क्रमांक, ठिकाण, तारीख आणि वेळ, आणि 'स-०४ वरून' किंवा 'स्वतंत्र'. कॉन्टॅक्ट शीटवर (सगळ्या फ्रेम बारीक आकारात एकत्र छापलेल्या पानावर) निवडलेल्या फ्रेमभोवती स-क्रमांक लाल पेन्सिलीने लिहिला की धागा पूर्ण होतो.

किती घेतलं हेही सांगावं लागतं. बर्न्ड आणि हिला बेकर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याने पाण्याच्या टाक्या एकाच अंतरावरून, ढगाळ उजेडात, समोरून टिपल्या आणि ओळीने मांडल्या. त्या पद्धतीने तुम्ही पंधरा मानशी टिपल्यात तर पद्धत उसनी, फोटो तुमचे. प्रस्तावनेत एकदा सांगितलं की झालं. एखाद्याची विशिष्ट चौकटच पुन्हा उभी केली असेल तर त्या फोटोखाली 'अमुक यांच्या चौकटीवरून' असं लिहायलाच हवं. आणि दुसऱ्याच्या फोटोचाच फोटो काढून तो काम म्हणून मांडायचा असेल, जसं अमेरिकन कलाकार शेरी लेव्हिन यांनी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांच्या फोटोंबाबत १९८१ मध्ये केलं, तर मूळ नाव शीर्षकातच हवं. त्यांनी तेच केलं होतं. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. बचाव करता करता विषय बाजूला राहतो.

शेवटच्या यादीची शैली एमएलए असो की एपीए (संदर्भ लिहिण्याच्या दोन रूढ पद्धती), संस्था सांगेल ती घ्या आणि बदलू नका. पुस्तकं-लेख-मुलाखतींची यादी वेगळी, फोटोंची वेगळी. मराठी नोंदी अकारविल्हे, पोर्तुगीज-इंग्रजी त्यांच्या लिपीत खाली. पोर्तुगीज नावात 'दा', 'दे' यांवर क्रम लावत नाहीत: 'फोन्सेका, आंजेलो दा'.

परत आलेल्या वहीसाठी कामाचा क्रम असा ठेवा. आधी मुलाखती आणि अल्बम, कारण माणसं भेटतील तेव्हाच ते पक्कं होतं. आठवडाभरात परत जाऊन होकार, तारखा आणि फोटोंच्या पाठी पूर्ण करा. मग एक सकाळ ग्रंथालयात, दोन्ही पुस्तकांची शीर्षकपानं आणि पानक्रमांक. स्क्रीनशॉट सगळ्यात शेवटी. तीसपैकी सात-आठांचे कर्ते सापडतील, आणि त्यांतल्याही तीन-चारांपुढेच 'काय घेतलं' हा रकाना प्रामाणिकपणे भरता येईल. बाकीचे काढून टाका. त्या जागी स्वतःच्या नाकारलेल्या फ्रेम लावा आणि प्रत्येकीखाली ती का नाकारली ते लिहा.